नाव एकाचं, वही दुसरीची

इतिहासाच्या गप्पांत आज आम्ही तुम्हाला दूर अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेणार आहोत. गोष्ट आहे एका कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकाची आणि त्याच्या बायकोची.

आधी खेळ समजून घेऊ. तिथला फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी कबड्डीसारखी पकड करून पाडायचं. कोण कुठे धावेल, कोण कुणाला अडवेल, ही प्रत्येक चाल आधी ठरलेली असते. त्यामुळे चाली शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला तिथे मोठा मान.

अमोस अलोन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ सालचा. १८९२ पासून ते शिकागो विद्यापीठात प्रशिक्षक होते. दारू-तंबाखूला शिवायचे नाहीत, तोंडात शिवी नाही. फारच राग आला तर खेळाडूला ‘गाढव’ म्हणायचे, बस. १८९४ साली त्यांचं लग्न तिथेच शिकणाऱ्या स्टेलाशी झालं. स्टेला घरात बसून राहिली नाही. सामना सुरू झाला की ती कागद-पेन्सिल घेऊन बसायची आणि एकेक चाल टिपून ठेवायची. पुढे ज्या संघाशी गाठ पडायची, त्याचे सामनेही आधी जाऊन पाहून यायची. आपल्या बचत गटाची वही लिहिणाऱ्या ताईला विचारा, अशी नोंद ठेवायला किती लक्ष लागतं ते!

४१ हंगाम झाले. १९३२ साली स्टॅग ७० वर्षांचे झाले आणि वयाचं कारण देऊन विद्यापीठाने त्यांना मैदानावरून बाजूला केलं. त्यांना ते पटलं नाही. दोघांनी सामान बांधलं आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी, कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा कॉलेजात नव्याने काम सुरू केलं. स्टेलाची वही इथेही सुरूच होती. इथे तर मुलांचे फाटके गणवेशही ती शिवून द्यायची.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. तरुण मुलं सैन्यात गेली, कॉलेजं ओस पडली. कितीतरी ठिकाणी खेळायला मुलंच उरली नाहीत, संघ बंद झाले. मग जुलै १९४३ मध्ये नौदलाने एक योजना आणली. अधिकारी व्हायच्या मुलांना कॉलेजात ठेवून शिकवायचं. भूदलाने आपल्या अशा मुलांना फुटबॉल खेळायला मनाई केली, नौदलाने मात्र परवानगी दिली. स्टॉकटनच्या कॉलेजात नौदलाची तुकडी आली आणि तिच्याबरोबर दुसऱ्या कॉलेजांत खेळलेली तयार मुलंही आली.

त्या हंगामात या लहान कॉलेजाने ७ सामने जिंकले, दोनच हरले. मोठमोठी विद्यापीठं त्यांच्यापुढे नमली. देशभरातल्या प्रशिक्षकांनी मिळून स्टॅगना वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. तेव्हा त्यांचं वय होतं ८१!

पण युद्धाने दिलेलं युद्धच परत नेतं. ही मुलं कॉलेजाची नव्हती, नौदलाची होती. हुकूम आला की निघायचं, मग हंगाम संपो न संपो. १९४५ साली स्टॅग यांच्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही. माणूस तोच, शिकवणं तेच. मुलं मात्र गेली होती.

तिकडे शिकागोत काय झालं, तेही ऐका. विद्यापीठाने १९३९ च्या हंगामानंतर फुटबॉलच बंद केला. स्टॅग यांच्या नावाचं मैदान रिकामं पडलं. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच मैदानातल्या प्रेक्षकांच्या सज्जाखाली शास्त्रज्ञांनी गुपचूप एक प्रयोग केला. अणूची ताकद माणसाने पहिल्यांदा ताब्यात ठेवून चालवली, ती तिथे. अणुबॉम्बच्या वाटेवरचं ते मोठं पाऊल होतं. जिथे मुलांच्या खेळाला टाळ्या पडायच्या, तिथेच हे घडलं.

१९४६ नंतर हे दोघं पेनसिल्व्हेनियात मुलाच्या मदतीला जाऊ लागले. तोही प्रशिक्षकच होता. पुढे स्टेलाची तब्येत बिघडली, प्रवास झेपेना, तेव्हा स्टॅग यांनी तिकडचं काम सोडलं आणि ते स्टॉकटनलाच राहिले. स्टेला १९६४ साली गेली. पुढच्याच वर्षी, वयाच्या १०२ व्या वर्षी, स्टॅगही गेले.

मैदानाला नाव स्टॅग यांचं, पुरस्कारही त्यांचाच. त्यांचे कष्ट खोटे नव्हते. पण जिंकण्याच्या हंगामात आणि हरण्याच्या हंगामातही ती वही कुणाच्या हातात होती, हे आपण लक्षात ठेवू.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकमेकींना विचारा: तुमच्या घरी सातबारा कुणाच्या नावावर आहे, आणि पेरणीपासून मळणीपर्यंतचा हिशेब कोण ठेवतं? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.