बेल्लमकोंडा, रवी
भारतात शिकलेले अमेरिकन जैववैद्यकीय अभियंते व विद्यापीठ प्रशासक. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची पदवी (१९८९) घेऊन त्यांनी ब्राऊन विद्यापीठात पीएच.डी. (१९९४) केली. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील अध्यापनानंतर ते जॉर्जिया टेकमध्ये प्राध्यापक झाले. चेतातंतूंची पुनर्बांधणी हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. मेंदूच्या अर्बुदांवरही त्यांनी काम केले. ग्लायोब्लास्टोमा हे मेंदूतील अर्बुद श्वेतद्रव्याच्या तंतूंवरून पसरते. या तंतूंसारखेच बारीक बहुवारिकी तंतू बसवून त्यांच्या गटाने उंदरांतील कर्कपेशी मेंदूबाहेरच्या औषधयुक्त जेलपर्यंत आणल्या (२०१४). अर्बुदाच्याच चालीचा उपयोग करणारे हे काम त्यांचे सर्वांत लक्षणीय होय (पहा : जैववैद्यकीय अभियांत्रिकी, ऊतक अभियांत्रिकी). पुढे ते ड्यूक विद्यापीठात अभियांत्रिकीचे अधिष्ठाता (२०१६) व एमरी विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख शैक्षणिक अधिकारी (२०२१) झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात हेच पद स्वीकारले.