उतार, वजन आणि पुढं आलेली पाती

गवत कापायच्या यंत्राचा जन्म बागेत झाला नाही, लोकरी कापडाच्या गिरणीत झाला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउडच्या आसपास, त्या काळी या कापडाचा मोठा धंदा होता. विणलेल्या कापडावर उठलेली लव सारखी करायला गिरण्यांत फिरत्या रुळावर बसवलेली पाती असत. एडविन बडिंग या कारागिरानं तीच पाती हिरवळीवर आणली, जॉन फेराबी या कारखानदाराला भागीदार करून घेतलं आणि ३१ ऑगस्ट १८३० या तारखेचं पेटंट मिळवलं. यंत्र लोखंडी होतं, कापायची रुंदी १९ इंच, आणि माणसानं ते मागून ढकलत न्यायचं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत ते लवकरच फिरू लागलं. १८३२ मध्ये इप्स्विचच्या रॅन्सम्स कंपनीनं परवाना घेतला आणि पुढचं शतकभर या धंद्यात तिचं नाव राहिलं.

या यंत्रानं जमीन सपाट आहे असं धरून चाललं होतं. ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांची अंगणं, क्रिकेटची मैदानं, सरदारांच्या वाड्यांपुढची हिरवळ, सगळं सपाट. १८४०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सनं तट्टानं ओढायचं मोठं यंत्र बनवलं. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून जनावरांच्या पायांत कातडी बूट चढवत. १८९३ मध्ये लँकेशायरमधल्या लेलँडच्या जेम्स सम्नरनं वाफेवर चालणारं यंत्र काढलं, तर १९०२ मध्ये रॅन्सम्सनं पेट्रोलवर चालणारं यंत्र बाजारात आणलं. दर पिढीत यंत्राची ताकद वाढली, तसं वजनही वाढलं. उतारावर हे वजनच वैरी ठरतं. त्यामुळे टेकडीची कड, नदीचा बंधारा, तळ्याचा काठ या जागा लांब दांड्याच्या विळ्याकडे आणि मेंढ्यांकडे राहिल्या. मेंढ्यांना तेव्हा कुणी कमी लेखत नसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्यांचा कळप चरायला सोडला होता. माळ्यांचे हात वाचले आणि लोकरीच्या लिलावातून आलेला पैसा रेड क्रॉसला गेला.

डोंगराळ मुलखाला हवं तसं यंत्र डोंगराळ मुलखातच तयार झालं. वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबार गावचा बेंजामिन ग्रेव्हली हा पेशानं छायाचित्रकार. त्यानं मागून धरून चालवायचा मोटार नांगर बनवला आणि १९१६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढं त्याच्या कंपनीनं दोन चाकांचे छोटे ट्रॅक्टर काढले. नांगर असो, बर्फ ढकलायचं फाळकं असो की गवताची पाती, अवजार पुढं जोडायचं आणि माणूस मागं. ज्या राज्यात सपाट शेत शोधावं लागतं, तिथे ही मांडणी सोयीची होती. इंजिन आणि गिअर दोन्ही खाली, चाकांजवळ असत. यंत्र घसरलंच तर हँडल सोडून माणसाला बाजूला होता येई.

पण मागून चालत किती एकर कापणार? हा प्रश्न अमेरिकेत १९५६ नंतर फार मोठा झाला. त्या वर्षीच्या कायद्यानं ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांना मंजुरी मिळाली. मैलोन्‌मैल भराव घातले गेले, आणि प्रत्येक भरावाला दोन बाजू, दोन्ही गवतानं झाकलेल्या. रस्ते आखणाऱ्या अभियंत्यांना गवत कापणाऱ्याचाही विचार करावा लागला. चार फूट आडवं गेल्यावर एक फूट उतरणारा उतार त्यांना सोयीचा वाटे. तीनास एक, म्हणजे सुमारे १८ अंश, ही यंत्रानं कापायची शेवटची मर्यादा मानली जाई. त्याहून उभ्या बाजूला गवताऐवजी झुडपं लावणं शहाणपणाचं. गवत कापण्याच्या कामानं रस्त्याचा आकार ठरवला, ही गोष्ट या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

याच काळात बसून चालवायच्या यंत्रांत पाती चालकाच्या पुढं आली. कॅन्सस राज्यात जॉन रेगियरनं १९६०च्या दशकात हसलर हे यंत्र बनवलं. दोन्ही चाकांना स्वतंत्र दांडे होते, त्यामुळे ते जागच्या जागी वळे, आणि पात्यांची पेटी, म्हणजे डेक, अगदी समोर होती. कॅन्ससमधल्याच माउंडरिज गावचं ग्रासहॉपर त्याच वाटेनं गेलं. १९७०च्या दशकात टोरो कंपनीनं ग्राउंड्समास्टर ७२ आणलं. नावातले ७२ म्हणजे कापण्याची रुंदी, इंचांत. पुढच्या दशकात जॉन डिअर आणि कुबोटा यांनीही डिझेलवर चालणारी अशी यंत्रं बाजारात उतरवली. शाळा, दफनभूमी, नगरपालिका आणि विद्यापीठं यांची ही नेहमीची यंत्रं झाली.

पाती पुढं आणण्याचं पहिलं कारण उतार नव्हतं. कुंपणाखाली, झाडांच्या खालच्या फांद्यांखाली, बाकांखाली पेटी घालता येते आणि चालकाला कापणीची कड समोर दिसते. पेटी स्वतःच्या छोट्या चाकांवर तरंगत चालते, म्हणून जमीन वरखाली झाली तरी कापणी सारखी राहते. ती वर उचलून उभी करता आली की पाती साफ करणं आणि धार लावणंही सोपं होतं. उतारावर या मांडणीचे फायदे आणि धोके दोन्ही आहेत, हे वापरणाऱ्यांना नंतर कळत गेलं.

यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पुढं पाती असलेल्या यंत्रात जोर लावणारी चाकं पुढं असतात आणि वळणारी मागं. वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर असतो. तिरकं चालताना हे चांगलं, कारण जोर लावणाऱ्या चाकांची पकड टिकते. पण मागचा आस बहुधा मधल्या खिळीवर झुलता असतो, म्हणजे बाजूनं कलताना त्या आसाचा आधार उपयोगी पडत नाही. समजा पुढच्या चाकांमधलं अंतर १२० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. चारही चाकं घट्ट असती तर यंत्र कागदावर ४५ अंशांपर्यंत तग धरेल. मागचा आस झुलता असला आणि ७० टक्के वजन पुढं असलं, तर हा आकडा ३५ ते ४० अंशांच्या मध्ये येतो. त्यात खालच्या बाजूचं चाक १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की जवळपास ५ अंश तिथेच गेले. ओलं गवत, झटक्यात घेतलेलं वळण, जड चालक हे सगळं यातूनच वजा व्हायचं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत १५ अंशांच्या आसपास मर्यादा दिसते, ती अशी येते. तिथे कंपनी भित्री आहे असं समजू नये.

अंश आणि टक्के यांत फार गोंधळ होतो. १५ अंशांचा उतार म्हणजे सुमारे २७ टक्के, ३० अंश म्हणजे जवळजवळ ५८ टक्के, आणि १०० टक्के म्हणजे फक्त ४५ अंश. विकणारा टक्के सांगतो आणि घेणारा अंश समजतो, तेव्हा फसगत ठरलेलीच.

सरळ वरखाली जाताना दुसराच प्रश्न येतो. चढावर वजन मागं सरकतं आणि पुढची, जोर लावणारी चाकं हलकी होतात, म्हणून दोनच चाकांना जोर असलेलं यंत्र चढावर घुमतं. उतरताना उलट होतं: मागची, वळणारी चाकं हलकी पडतात आणि सुकाणू हातचं जातं. म्हणूनच टोरोच्या पुस्तिकांत उतरताना पेटी खालीच ठेवा असं बजावलेलं असतं. उचललेली पेटी पुढं लटकली तर मागचं टोक आणखी हलकं होतं. चारही चाकांना जोर देणारे प्रकार आले ते मुख्यतः अशा जमिनींसाठी.

याच प्रश्नाला ओहायोतल्या ऑर्व्हिल गावच्या स्टायनर कुटुंबानं वेगळं उत्तर दिलं. त्यांचा छोटा ट्रॅक्टर मधोमध सांध्यात वळे आणि चारही सारख्या चाकांना जोर मिळे. त्यांचं पुढचं घराणं म्हणजे व्हेंट्रॅक. योग्य जोडचाकं लावल्यावर त्यांची काही मॉडेलं ३० अंशांच्या उतारासाठी प्रमाणित आहेत. टोरोनं २०२० मध्ये व्हेंट्रॅकची कंपनी विकत घेतली. युरोपात आल्प्सच्या गावांनी आपली वाट आपणच शोधली होती. तिथे प्रश्न हिरवळीच्या देखणेपणाचा नव्हता, गुरांच्या हिवाळ्यातल्या चाऱ्याचा होता. बुर्गडॉर्फच्या एबी कंपनीसारख्या स्विस कारखान्यांनी बुटक्या, रुंद, पुढं कापणी लावलेल्या गाड्या बनवल्या. १९६०च्या दशकात स्वीडनच्या कार्ल डालमाननं फ्लायमो हे हवेच्या गादीवर तरंगणारं यंत्र काढलं, तेव्हा बंधाऱ्याच्या माथ्यावर उभं राहून ते दोरानं खाली सोडायची रीत पडली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चेक प्रजासत्ताकातल्या द्वोर्झाक कंपनीच्या स्पायडरसारखी दूरनियंत्रित यंत्रं आली आहेत आणि त्यांत चालक मुळी उतारावर नसतो. ज्या जागी माणूस पायांनी धड उभा राहू शकत नाही, तिथे बसायचं यंत्र नेण्याऐवजी असं यंत्र भाड्यानं आणावं हे कुणालाही सांगता येईल.

जीव वाचवण्याच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठा शोध एका लोखंडी चौकटीचा आहे. सीटबेल्ट बांधलेला असेल तर चालकाच्या मागं किंवा भोवती उभी केलेली ही चौकट ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू देत नाही. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्यानं घटले. १९६६ मध्ये जॉन डिअरनं अमेरिकेत ती देऊ केली आणि आपला शोध इतर कारखान्यांनाही वापरू दिला. व्यापारात असं औदार्य विरळा, आणि त्याची आठवण ठेवायला हवी. २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या शेतीच्या ट्रॅक्टरवर नोकर काम करत असेल तर मालकानं चौकट लावलीच पाहिजे, असा नियम अमेरिकेत झाला. गवताच्या यंत्रांपर्यंत ही सवय उशिरा पोचली. म्हणून १९८०च्या आसपासची काही यंत्रं आजही चौकटीविना विकायला येतात.

जुन्या बाजारात हा सगळा इतिहास एकत्र उभा दिसतो. महाविद्यालयं आणि नगरपालिका ठरावीक वर्षांनी यंत्रं लिलावात काढतात, आणि टेकडीवर घर असलेला माणूस ती पाहायला जातो. तासांचा आकडा तो आधी वाचतो. पण ४,००० तास चाललेलं, वेळच्या वेळी तेल बदललेलं डिझेल यंत्र १,५०० तासांच्या उपेक्षित यंत्रापेक्षा बरं निघू शकतं. खरी परीक्षा तापल्यावर होते. या यंत्रांत चाकांना जोर तेलाच्या दाबानं मिळतो. पंप झिजला की तेल गरम होऊन पातळ झाल्यावर आतल्या आत निसटतं आणि चढावर यंत्र दमतं. थंड यंत्राची अंगणात घेतलेली फेरी म्हणून काहीच सांगत नाही. अर्धा तास गवत कापून मग त्याला चढावर न्यावं, मध्येच थांबवावं, उभं राहायचा ब्रेक लावून पाहावा. चौकटीच्या पायाशी वेल्डिंगच्या चिरा, नंतर पाडलेली भोकं, हरवलेला सीटबेल्ट आणि मागच्या आसाच्या खिळीतली सैल हालचाल, यांपैकी एक जरी दिसलं तरी सौदा थांबवून त्याच्या दुरुस्तीचा किंवा बदलीचा खर्च किमतीत धरावा. पेटीचा गंजलेला पत्रा बदलता येतो.

आपल्याकडे उताराचं काम वेगळ्याच यंत्रानं हाती घेतलं. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बलास यांनी फिरत्या नायलॉन दोरीनं गवत कापायची कल्पना मांडली. तिच्याच भाऊबंदांतलं, खांद्याला अडकवायचं यंत्र आज कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर गुरगुरताना ऐकू येतं. उतरत्या कातळावर, झाडांच्या दाटीत बसायच्या यंत्राला वाट नाही, आणि तिथे ते न्यायचा हट्टही नको. पण परदेशात टेकडीवर घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना जुन्या यंत्राचा विचार करावाच लागतो. त्यांनी आधी जमिनीचा उतार अंशांत मोजून घ्यावा. फोनवर त्यासाठी साधनं आहेत. उतार १५ अंशांच्या आत असेल तर चारही चाकांना जोर असलेलं, रुंद, बुटकं आणि पुढं पाती असलेलं यंत्र घ्यायला हरकत नाही, कापणी वरखाली करावी आणि गवत कोरडं असावं. चौकट आणि पट्टा नसलेलं यंत्र किंमत कितीही कमी असली तरी उतारासाठी घेऊ नये.