कॉफीचे जाते : येमेनपासून आपल्या ओट्यापर्यंत

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत चहाच चालतो. कॉफीवाले आम्ही दोघेच. त्या दुसऱ्या सरांनी परवा विचारले, "सर, घरी फिल्टर कॉफी करायची म्हणतोय. बिया दळायला काय घेऊ? मिक्सर आहेच की, मग वेगळे यंत्र कशाला?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला पाचशे वर्षे मागे जावे लागले. माझी स्वतःची फसगतही सांगावी लागली.

१५ व्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कहवा पीत. तो दोन प्रकारे होत असे. एक किश्रचा, म्हणजे कॉफीच्या फळाची वाळलेली साल उकळून. त्यात दळण्या-कुटण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा बुन्नचा, म्हणजे आतल्या बियांचा. बी भाजली की ती फोडावी लागते. फोडल्याशिवाय तिचा अर्क पाण्यात नीट उतरत नाही. १६ व्या शतकात अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी कहव्याच्या बाजूने एक ग्रंथ लिहिला, त्यात या दोन्ही प्रकारांचा उल्लेख आहे. १५११ साली मक्केत खैर बेग या ममलूक अधिकाऱ्याने उलेमांची बैठक बोलावून कहव्यावर बंदी घातली होती, ती हकिकतही आपल्याला याच ग्रंथातून कळते. ती बंदी टिकली नाही, कहवा टिकला.

बी फोडायचे पहिले साधन म्हणजे खलबत्ता. अरबस्तानातल्या बदूंच्या तंबूत आजही पाहुण्यासमोर बिया भाजून लाकडी किंवा पितळी खलात कुटतात. कुटण्याचा ठेका कानावर पडला की शेजारच्या तंबूत कळते, इथे कहवा होतोय. खलात काही कण मोठे राहतात, काहींचे पीठ होते. पण अरबी कहवा भांड्यात उकळून, गाळ खाली बसू देऊन ओततात. त्यामुळे कण लहानमोठे असले तरी चालून जाते.

इस्तंबूलमध्ये गोष्ट बदलली. इतिहासकार पेचवी याच्या सांगण्यानुसार तिथे पहिले कहवाखाने हिजरी ९६२ मध्ये, म्हणजे १५५४-५५ च्या सुमारास निघाले. तुर्की कॉफी न गाळता पितात. पूड पिठासारखी बारीक नसेल तर ती दातांखाली कचकचते. हे काम खलबत्त्यात होते, पण जिवावर येते. पुढे तुर्की घरांत पितळी नळकांड्यासारखे हातजाते रूढ झाले. वर दांडा, आत खाचा असलेले दोन धातूचे भाग, त्यांच्या फटीतून बी भरडली जाऊन खाली पूड पडते. आपल्या आजीचे जाते याच तत्त्वावर चालायचे. तिथे दोन दगड, इथे दोन धातू. फ्रान्समध्ये पुढे मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या प्यूजो घराण्याने १८४० मध्ये कॉफीची हातचक्की विकायला काढली, तिचेही तत्त्व हेच.

मग हे जाते घरातून गेले कसे? इस्तंबूलमध्येच त्याचे एक उत्तर आहे. तिथे लोक कच्च्या बिया विकत आणून घरी भाजत, घरीच दळत. १८७१ मध्ये कुरुकहवेजी मेहमेत एफेंदी यांनी आपल्या दुकानात भाजून-दळून तयार पूड विकायला सुरुवात केली. ते दुकान आजही आहे आणि दळलेल्या कॉफीचा वास बाहेरच्या गल्लीत पसरलेला असतो. गिऱ्हाईकाचे कष्ट वाचले, यात शंका नाही. पण दळलेल्या कॉफीचा सुगंध फार लवकर उडतो. अख्खी भाजलेली बी नीट झाकून ठेवली तर काही आठवडे चांगली राहते, पूड काही दिवसांतच मंदावते.

पुडीची दुसरी अडचण म्हणजे आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजांच्या व्यापाराची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी दुर्मीळ झाली आणि चिकोरीची भाजलेली मुळे कॉफीत मिसळण्याला जोर आला. आपल्याकडेही चिकोरीची कॉफी आवडीने पितात, त्यात वाईट काही नाही. मात्र आपल्या नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की चालते. म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. प्रमाण पाकिटावर छापलेले असते, ते वाचावे. अख्ख्या बीमध्ये चिकोरी मिसळता येत नाही.

ज्या बाबा बुडन यांनी हजहून परतताना मोख्याच्या सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणून लावल्या असे परंपरा सांगते, त्यांच्या नावाचा डोंगर आपल्यापासून फार दूर नाही. तिथले स्थान दत्तपीठ म्हणूनही मानतात, त्यामुळे मराठी माणसाला ते ओळखीचे आहे. त्या भागातल्या भाजलेल्या बिया आता घरपोच मिळतात. अडते ते दळण्यापाशी.

आता सरांच्या मिक्सरकडे येतो. मिक्सर दळत नाही, तो पात्याने चिरतो. पात्याजवळच्या कणांचे पीठ होते, लांबचे कण जाडच राहतात. फिल्टरमध्ये पीठ जास्त उतरते आणि कडवटपणा देते, जाड कण कमी उतरतात आणि आंबट, पाणचट चव देतात. शिवाय पिठाने फिल्टरची छिद्रे बुजतात. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये टिपकागदाचा फिल्टर करून गाळ कपाबाहेर ठेवला. कागदाच्या फिल्टरला मध्यम, रव्यासारखी पूड लागते. आपल्या पितळी किंवा स्टीलच्या दुमजली फिल्टरला त्याहून थोडी बारीक, पण पिठासारखी नाही. दोन्हीकडे कण एकसारखे हवेत, आणि ते काम जात्याचे.

माझी फसगत इथेच झाली. पहिल्यांदा मी स्वस्तातला विजेचा 'कॉफी ग्राइंडर' आणला. घरी उघडून पाहिला तर आत मिक्सरचेच छोटे पाते. पैसे गेले आणि कॉफी होती तशीच राहिली. म्हणून घेण्याआधी आत पाते आहे की दळणारे दोन भाग, एवढे आधी विचारा. दात असलेल्या त्या दोन भागांना 'बर' म्हणतात.

बजेट कमी असेल तर हाताने फिरवायचा घ्या. त्याच किमतीच्या विजेच्या यंत्रात बराच पैसा मोटारीत जातो, हाताच्या यंत्रात तो दळणाऱ्या भागांत येतो. सिरॅमिकचे बर स्वस्त असतात, स्टीलचे सहसा महाग, पण लवकर दळतात. मधला दांडा वर आणि खाली दोन्हीकडे पक्का धरलेला हवा. तो डुगडुगला की जाड दळताना कण पुन्हा लहानमोठे होतात. जाड-बारीक करण्याच्या खुणा मोजता याव्यात, म्हणजे काल जमलेली चव आज पुन्हा जमते. एका मोठ्या कपाला साधारण १५ ग्रॅम बिया आणि २४० मिली पाणी धरले, तर एका वेळी २० ग्रॅम मावेल असे यंत्र पुरते. पाण्याने धुऊ नका, ब्रशने झाडा. आणि त्यात गरम मसाला चुकूनही दळू नका, वास महिनाभर जात नाही.

हा शेवटचा नियम आमच्या घरात अम्मीला पाळावा लागला. यंत्र आणले तेव्हा तिने ते हातात घेऊन दांडा फिरवून पाहिला. म्हणाली, "हे तर जातंच आहे. आपलं दगडाचं होतं, ते तुम्ही लोकांनी मिक्सर आला म्हणून देऊन टाकलं. आता पैसे मोजून परत आणलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता सकाळच्या बिया तीच दळते. मिनिटभराचे काम आहे, पण मला करू देत नाही.

सरांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी हाताचे यंत्र मागवले आहे. मिक्सर चटणीसाठी ठेवला आहे.