रविवर्मा छापखाना
रविवर्मा छापखाना हा चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला रंगीत शिळामुद्रणाचा छापखाना होय. त्यांची पौराणिक चित्रे सामान्यांच्या घरांत आणि देवघरांत पोहोचली ती प्रामुख्याने या छापखान्यामुळे.

स्थापना व स्थलांतर
रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे संस्थानिकांच्या वाड्यांत असत. त्यांच्या प्रती युरोपात छापून घ्याव्यात, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी केली होती. रविवर्म्यांनी मात्र यंत्रे व तंत्रज्ञच जर्मनीहून आणवले. धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा यांचे त्यांना मोठे साहाय्य होते. पहिले मुद्रित चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. प्रारंभीच्या काळात छापखाना घाटकोपर येथे होता. आजच्या दाट वस्तीच्या या उपनगराला तेव्हा खेड्याचेच रूप होते. प्लेगच्या साथीच्या काळात, १८९९ मध्ये, तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला.

तंत्र
तेलकट शाई व पाणी एकत्र येत नाहीत, या तत्त्वावर शिळाछाप आधारलेली आहे. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात. ओल्या शिळेवर शाई फक्त रेषांनाच धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते. याच काळात पॅरिसमध्ये ज्यूल शेरे यांनी याच तंत्राने मूलाँ रूझ (१८८९) या नृत्यगृहाची भित्तिपत्रके छापली. तूलूझ-लोत्रेक यांचे तेथीलच प्रसिद्ध भित्तिपत्रक १८९१ चे. तेथे मोजक्या शिळांतून सपाट, भडक रंग साधत, कारण चित्र रस्त्यावरून जाणाऱ्याला क्षणभरात दिसायला हवे. येथे तैलचित्राच्या छटा उतरवायच्या असल्याने शिळा अधिक लागत व काम किचकट होई. एकच तंत्र तिकडे रात्रीच्या करमणुकीची जाहिरात झाले, इकडे पूजेची तसबीर.

प्रभाव व अखेर
दादासाहेब फाळके यांनी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. त्यांच्या चित्रपटांतील पौराणिक दृश्यरचनेवर या चित्रांची छाया जाणवते. बंगाली कलापंथाने रविवर्म्यांच्या शैलीवर पाश्चात्त्य अनुकरणाचा आक्षेप घेतला, तरी नऊवारीतील लक्ष्मी व सरस्वती लोकांच्या मनातून गेल्या नाहीत.

छापखाना आर्थिक अडचणीत आल्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकण्यात आला. त्यांनी जाहिरातींची व लेबलांची कामेही घेतली. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत छापखाना व तेथील अनेक मूळ मुद्रिते नष्ट झाली.