केराचा हक्कदार

घराबाहेर टाकून दिलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न वाचकांस प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. जी वस्तु आपण आपखुषीनें टाकली, तिजवर हक्क सांगणारा कोण, आणि त्याबद्दल वाद तो कसला? परंतु घरोघरचा केर वेगवेगळा करवून त्यांतील कामाचा भाग पुन्हां उपयोगांत आणण्याचे जे प्रयत्न निरनिराळ्या नगरांनीं केले, त्यांचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांचें यशापयश बव्हंशीं याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होतें, असें आम्हांस वाटतें.

जुन्या मराठी घरांत टाकणें ही क्रियाच विरळा. उष्टेंखरकटें गाईम्हशींच्या पुढ्यांत जाई; चुलींतील राख भांडीं घासण्यास लागे; विरलेलें लुगडें गोधडींत शिवलें जाई; आणि जें कपड्यांचें गांठोडें उरे, तें बोहारणीच्या टोपलींत पडून त्याचें पातेलें होई. रद्दी नेणारा तराजू घेऊन दारीं येई. या व्यवहारांत घासाघीस होती, क्वचित् लबाडीहि होती; परंतु देणारा व घेणारा परस्परांस ओळखीत होते. पुढें शहरें वाढलीं, रस्त्याच्या कोपऱ्यावर कचराकुंडी आली, आणि आपण टाकलेलें कोण उचलतो हें पाहण्याचें कारणच उरलें नाहीं.

केर घरींच निवडून ठेवण्याची सक्ती ही आजकालची कल्पना आहे असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. पॅरिस नगर त्या काळीं ज्यांत मोडत असे त्या सीन प्रांताचा अधिकारी युजेन पुबेल यानें १८८३ च्या नोव्हेंबरांत हुकूम काढिला कीं, प्रत्येक घरमालकानें आपल्या भाडेकऱ्यांसाठीं झांकणाच्या पेट्या ठेवाव्या. एकींत कुजणारा केर, दुसरींत कागद व चिंध्या, आणि तिसरींत कांच, फुटकी चिनी भांडीं व कालवांच्या शिंपा टाकाव्या. १८८४ च्या जानेवारीपासून त्याचा अंमल सुरू झाला. तोंपर्यंत तेथील केर रस्त्यावर ओतला जाई, आणि हातांत कंदील व आंकडा, पाठीवर टोपली अशा थाटानें हजारों दरिद्री स्त्रीपुरुष त्यांतून चिंध्या व हाडें वेंचीत. चिंध्यांचा कागद होई, हाडांचीं बटणें व सरस होई. या लोकांनीं मोठी ओरड केली, कांहीं वृत्तपत्रांनीं त्यांचा कैवार घेतला, आणि सरकारास थोडेंबहुत नमावें लागलें. पुबेलचें नांव मात्र अमर झालें. फ्रेंच भाषेंत केराच्या पेटीस आजहि ‘पुबेल’ हाच शब्द आहे. पण पेटी राहिली, निवड राहिली नाहीं! तीन पेट्यांचा नियम लोकांच्या अंगवळणीं पडलाच नाहीं. निवडलेल्या वस्तूची ज्यांना खरी गरज, त्यांनाच परकें लेखल्यावर निवडीचें अगत्य कोणास राहणार?

न्यूयॉर्कनें दुसरा मार्ग धरिला. १८९५ सालीं रस्ते-सफाईचा प्रमुख झालेला कर्नल जॉर्ज वेअरिंग यानें पुढील वर्षीं नागरिकांस राख, खरकटें आणि सुका केर वेगवेगळा ठेवण्यास लाविलें. खरकट्यांतून चरबी व खत काढावें, सुका केर निवडून विकावा, आणि तें उत्पन्न नगराच्या तिजोरींत पडावें, अशी त्याची योजना होती. येथें केराचा हक्कदार नगर हेंच ठरलें. वेअरिंगची शिस्त कडक होती व तिचें फळहि दिसलें; परंतु १८९८ च्या आरंभीं सत्तापालटाबरोबर त्याचा अधिकार गेला, त्याच वर्षीं तो पीतज्वरानें वारला, आणि ती शिस्त पुढें टिकली नाहीं. एका कर्त्या पुरुषावर उभारलेली व्यवस्था त्याच्याबरोबरच जावयाची.

यानंतर आम्ही पुण्याकडे वळतों. कारण या प्रश्नाचें तिसरें उत्तर येथें निघालें. कुंडींत हात घालून कागद-कांच वेंचणाऱ्या स्त्रिया या शहरास नव्या नव्हत्या. त्यांत बहुतेक दलित समाजांतील. त्यांच्याकडे लोक चोर म्हणून पाहात. महर्षि कर्वे यांनीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्यांनीं त्यांचें जीवन जवळून पाहिलें, आणि हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव यांच्या साह्यानें १९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिची पहिली मागणी पैशाची नव्हती. आम्ही करतों तें काम आहे, हें मान्य करा, एवढीच होती. पुढें महापालिकेनें त्यांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. २००८ सालीं याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशीं महापालिकेनें करार केला, आणि कुंडीवरची बाई रीतसर घराच्या दारीं आली.

या व्यवस्थेचें मर्म दोन गोष्टींत आहे. दारोदार फिरून ओला व सुका केर वेगळा नेण्याबद्दल प्रत्येक घर तिला दरमहा ठराविक रक्कम देतें; आणि सुक्या केरांतून जें विकलें जाईल त्यावर हक्क तिचाच. ओला केर ती महापालिकेच्या गाडीकडे पोंचवते किंवा जागच्या जागीं त्याचें खत करते. सुका केर घेऊन ती निवडीस बसते: पुठ्ठा निराळा, पांढरा कागद निराळा, कांच, पत्रा, दुधाच्या पिशव्या, नाना जातींचें प्लास्टिक निराळें. ज्या कागदाचे चार पैसे येतील तोच आमटींत भिजला कीं कवडीमोल होतो. म्हणून घरीं केलेल्या निवडीची किंमत तिच्याइतकी दुसऱ्या कोणास कळत नाहीं. दरमहाच्या रकमेचें महत्त्व २००८ च्या अखेरीस दिसून आलें. जगभरच्या मंदीनें भंगाराचे भाव कोसळले. केवळ विक्रीवर जगणाऱ्यांचे त्या वेळीं कोण हाल झाले असतील!

या व्यवस्थेवर दोन आक्षेप आहेत, आणि ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. एक असा कीं, हें काम यंत्रें व ठेकेदार अधिक झपाट्यानें करतील. २०१६ पासूनचा पांच वर्षांचा करार २०२० च्या अखेरीस संपला, तेव्हां हा विचार पुण्यांत जोरानें पुढें आला, आणि अल्पकाळच्या मुदतवाढींवर शेंकडों संसार लोंबकळत राहिले. परंतु वजनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदारास केर जितका अधिक तितका लाभ; निवडून तो कमी करण्यांत त्याचें हित काय? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माणसानें दुसऱ्याचा केर हातानें निवडावा हेंच लांछन नव्हे काय? आहे; पण तें लांछन निवडणाऱ्या हाताचें नाहीं, मिसळून टाकणाऱ्या हाताचें आहे. आजाऱ्याच्या जखमेची पट्टी किंवा मुलाचें घाणेरडें लंगोट कागदांत गुंडाळून वर तांबडा ठिपका काढावा, इतकीच विनंति या स्त्रियांनीं घरोघर केली. तीहि पाळतां येऊं नये इतके आपण घाईंत असतों काय?

२०१६ च्या केंद्रीय नियमांनीं केराचे तीन वर्ग सांगितले: ओला, सुका व घातक. पुबेलच्या पेट्याहि तीनच होत्या. सव्वाशें वर्षांत पेट्यांची संख्या बदलली नाहीं; बदललें तें इतकेंच कीं, त्या उघडणारीस निदान एका शहरीं नांव मिळालें. बोहारणीशीं घासाघीस करतांना आमच्या आज्या तिच्या मुलाबाळांची चौकशी करीत. आमच्या दारीं रोज सकाळीं येणारीचें नांव आम्हांस कितीक दिवस ठाऊक नव्हतें, हें आम्ही येथें संकोचानें नमूद करतों.