तळटीप १२ : बडोद्याचे महाराज

१२. येथे अभिप्रेत आहेत ते फत्तेसिंहराव गायकवाड (१९३०–१९८८). नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक गेलेले सयाजीराव तिसरे हे त्यांचे पणजोबा. वडील प्रतापसिंहरावांची मान्यता सरकारने काढून घेतल्यावर १९५१ मध्ये ते गादीवर आले. रणजी स्पर्धेत १९४६ ते १९५८ या काळात बडोद्याकडून खेळले. सर्वोच्च धावा ९९. शतक मात्र कधीच नाही. १९५७ पासून लोकसभेत, मधल्या काळात गुजरातचे मंत्री. बडोदा रेयॉन या कंपनीचे अध्यक्षपद भूषवले. क्रिकेट नियामक मंडळाची धुरा (१९६३–६६) त्यांच्याकडे आली ती केवळ राजेपणामुळे नव्हे, खेळाची जाणही होती. त्यांनी लिहिलेले सयाजीरावांचे इंग्रजी चरित्र मरणोत्तर, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.