आधींच ठरलेले अपराधी

मोठा उत्पात घडला म्हणजे समाजापुढें दोन प्रश्न उभे राहतात. हें कृत्य कोणीं केलें, हा पहिला. आणि असलीं कृत्यें कोणते लोक करितात, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मिळण्यास पुरावा लागतो, वेळ लागतो आणि धीरही लागतो. दुसऱ्याचें उत्तर मात्र बहुधा आधींच तयार असतें, आणि तें तयार असल्यामुळेंच पहिल्याचा शोध अर्ध्या वाटेवर थांबतो. १९७४ सालीं इंग्लंडमध्यें जे बाँबस्फोट झाले व त्यांवरून जे खटले चालले, त्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

इंग्रजांच्या मनांतील आयरिश माणसाचें चित्र फार जुनें होतें. १८४५ नंतरच्या दुष्काळांत आयर्लंडमधील असंख्य कुटुंबें समुद्र ओलांडून लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडन अशा शहरांत आलीं व मिळेल तें अंगमेहनतीचें काम करूं लागलीं. १८६७ सालीं लंडनमधील क्लार्कनवेल येथील तुरुंगाची भिंत सुरुंगानें उडवून आपल्या सहकाऱ्यांस सोडविण्याचा प्रयत्न आयरिश क्रांतिकारकांनीं केला. त्यांत आसपासचीं बारा निरपराध माणसें मेलीं. पुढें १८८१ ते १८८५ या काळांत डायनामाइटचे स्फोट झाले. 'पंच' साप्ताहिकाच्या व्यंगचित्रांतून तर आयरिश बंडखोर वानरमुखी दाखविला जात असे. मूठभरांचें कृत्य हा सबंध जातीचा स्वभाव आहे, अशी समजूत रूढ झाली.

१९६९ पासून उत्तर आयर्लंडमध्यें पुन्हां रक्तपात सुरू झाला आणि आयरिश रिपब्लिकन आर्मीनें आपले बाँब इंग्लंडमध्यें नेले. ५ ऑक्टोबर १९७४ रोजीं गिल्डफर्ड येथील दोन मद्यगृहांत स्फोट होऊन पांच माणसें मेलीं. ७ नोव्हेंबरला वुलिच येथें दोघे मेले. २१ नोव्हेंबरला बर्मिंगहॅममधील दोन मद्यगृहांत एकवीस माणसें ठार झालीं व दीडशेहून अधिक जखमी झालीं. त्यांत बरेचसे तरुण होते. हे स्फोट आयरिश संघटनेनेंच घडविले होते, यांत शंका नाहीं. म्हणून संशय अगदींच निराधार होता, असें म्हणतां येत नाहीं. परंतु एका आयरिश टोळीनें बाँब ठेवला, येथपासून या आयरिश माणसानेंच तो ठेवला, येथपर्यंत जें अंतर आहे, तें पुराव्यानेंच ओलांडावें लागतें. तें इंग्लंडनें क्रोधाच्या भरांत एका उडींत ओलांडलें.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत आयरिश कामगारांस त्यांच्या सोबत्यांनींच धमकाविलें. त्या शहरांतील सेंट पॅट्रिकच्या सणाची मिरवणूक जी बंद पडली, ती १९९६ पर्यंत निघाली नाहीं. गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनीं आणलेला नवा कायदा स्फोटानंतर आठ दिवसांत मंजूर झाला. त्या अन्वयें संशयितास आरोपाविना सात दिवसांपर्यंत कोठडींत ठेवतां येऊं लागलें. कायद्याच्या नांवांतच तो तात्पुरता असल्याचें म्हटलें होतें. प्रत्यक्षांत तो पुन्हां पुन्हां नवा करून २००० सालीं कायमचा कायदा होईपर्यंत चालविण्यांत आला.

बर्मिंगहॅममध्यें राहणारे पांच आयरिश गृहस्थ स्फोटांपूर्वीं थोडा वेळ आगगाडीनें बेलफास्टची बोट गांठण्यास निघाले होते. बाँब ठेवतांना मेलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या अंत्यविधीस त्यांतील बहुतेकांस जावयाचें होतें. हेशॅम बंदरावर त्यांना अडविलें. कांहींच्या हातांवर स्फोटक द्रव्याचा अंश सांपडला, असें सरकारी शास्त्रज्ञानें सांगितलें. सहावा गृहस्थ मागाहून पकडला गेला. चौघांनीं कबुलीजबाबांवर सह्या केल्या. मारहाण करून त्या घेतल्या, असें त्यांनीं न्यायालयांत सांगितलें, पण तें कोणास पटलें नाहीं. ऑगस्ट १९७५ मध्यें सहाही जणांस जन्मठेप झाली. हे प्रवासी गाडींत पत्ते खेळत होते; आणि पत्त्यांवरील चकाकीच्या लेपामुळेंही ती चाचणी तसाच निष्कर्ष देऊं शकते, हें पुढें उघड झालें.

गिल्डफर्डच्या खटल्यांत तर चौघां आरोपींविरुद्ध त्यांच्या कबुलीजबाबांखेरीज कांहींच नव्हतें. त्यांतील एक अवघ्या सतरा वर्षांची इंग्रज मुलगी होती; एका आयरिश तरुणाशीं स्नेह, एवढाच तिचा आयर्लंडशीं संबंध. जेरी कॉनलन या आरोपीचे वडील जुसेपे कॉनलन हे फुप्फुसांच्या विकारानें जर्जर झालेले गृहस्थ. मुलासाठीं वकील पाहावा म्हणून ते बेलफास्टहून लंडनला आले, आणि नात्यांतील ॲन मॅग्वायर यांच्या घरीं उतरले असतां तेही पकडले गेले. घरांत बाँब सांपडला नाहीं. हातांवरील चाचण्यांच्या आधारें ॲनबाई, त्यांचे पति, दोन अल्पवयी मुलगे, जुसेपे व आणखी दोघे अशा सात जणांस १९७६ सालीं शिक्षा झाल्या.

आतां दुसरी बाजू पाहावी. गिल्डफर्डचे आरोपी १९७४ अखेरपासून कोठडींत असतांना लंडनमधील स्फोट थांबले नव्हते. डिसेंबर १९७५ मध्यें बॅल्कम स्ट्रीटवरील एका घरांत सहा दिवसांच्या वेढ्यानंतर चार सशस्त्र इसम शरण आले. गिल्डफर्ड आणि वुलिच येथील स्फोट आमच्या टोळीनें केले, त्यांसाठीं निरपराध माणसें तुरुंगांत आहेत, असें त्यांनीं १९७७ च्या आपल्या खटल्यांत वकिलांकरवीं वदविलें. खरा अपराधी स्वतः होऊन सांगत होता. पण ऐकणारा कोणी नव्हता. त्याच वर्षीं आरोपींचें अपील फेटाळण्यांत आलें.

पूर्वग्रहावर एकदां न्यायालयाचा शिक्का बसला म्हणजे तो नुसता पूर्वग्रह राहत नाहीं. त्यांत राष्ट्राची प्रतिष्ठा गुंतते. जानेवारी १९८० मध्यें बर्मिंगहॅमच्या सहा जणांनीं पोलिसांवर लावलेला दावा फेटाळतांना लॉर्ड डेनिंग यांनीं जें कारण दिलें, तें यामुळेंच लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हे जिंकले तर पोलिसांनीं मारहाण केली व खोटी साक्ष दिली असें ठरेल, आणि तें दृश्यच इतकें भयानक आहे कीं हा दावा पुढें चालूं देणें योग्य नव्हे, असा त्यांचा आशय होता. म्हणजे सत्य काय, यापेक्षां सत्य निघालें तर आपली अब्रू काय राहील, याची चिंता मोठी ठरली. त्यानंतर सहा दिवसांनीं जुसेपे कॉनलन कैदेंतच वारले.

हा अन्याय धुऊन काढण्यास पुढें आले ते बहुतेक इंग्रजच, हेंही सांगितलें पाहिजे. पत्रकार व पुढें पार्लमेंटचे सभासद झालेले क्रिस मलिन, कार्डिनल बेझिल ह्यूम, माजी न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन व लॉर्ड स्कार्मन यांनीं वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. पोलिसांनीं न्यायालयांत सादर केलेल्या जबान्यांची टिपणें मागाहून रचलेलीं होतीं, असें दर्शविणारे कागद अखेर पोलिसांच्याच दप्तरांत सांपडले. १९ ऑक्टोबर १९८९ रोजीं गिल्डफर्डचे चौघे सुटले; १४ मार्च १९९१ रोजीं बर्मिंगहॅमचे सहा जण सोळा वर्षांनीं बाहेर आले. मॅग्वायर कुटुंबाची शिक्षा त्याच वर्षीं रद्द झाली. ब्रिटनमध्यें खुनासाठीं फांशी देणें १९६५ सालीं थांबलें नसतें, तर यांतील कित्येक जण ही सुटका पाहण्यास उरलेच नसते. २००५ सालीं पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीं कॉनलन व मॅग्वायर कुटुंबांची जाहीर क्षमा मागितली.

या साऱ्या प्रकरणाचा हिशेब मांडतांना तुरुंगांत गेलेलीं वर्षें सर्वांच्या डोळ्यांपुढें येतात. दुसरी एक बाब मात्र सहसा मांडली जात नाहीं. बर्मिंगहॅममध्यें मेलेल्या एकवीस जणांचे आईबाप सोळा वर्षें या समजुतींत होते कीं आपल्या मुलांस न्याय मिळाला. १९९१ सालीं तो न्याय खोटा ठरला, आणि तोंपर्यंत साक्षी पुसट झाल्या होत्या, माग थंडावला होता. त्या खुनांबद्दल खऱ्या अपराध्यांपैकीं एकासही शिक्षा झाली नाहीं. आयरिश म्हणजे बाँबवाला, ही समजूत इंग्लंडनें आपल्या रक्षणासाठीं बाळगली होती. तिनें रक्षण झालें तें बाँब ठेवणारांचें.